बुक पोस्ट की बंद पाकीट?

गेल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी कोथरूडमधल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात मी अर्धा तास उभी होते. दादाला दिवाळीचं कार्ड पाठवायचं होतं. दुकानात टेडी होते, फोटो छापलेले मग होते, नाव कोरून देतात त्या किल्ल्यांच्या साखळ्या होत्या. कार्डांचा मात्र एकच उभा स्टँड, तोही दाराआड, आणि त्यात दिवाळीची म्हणावीत अशी सात-आठ. मी एक उचललं, मागची किंमत पाहिली, दोनशे वीस रुपये, आणि परत ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

माझी मुलगी शेजारीच होती. ती म्हणाली, "आई, एवढ्यात मामासाठी पाव किलो पेढे येतील. कार्ड काय, चार दिवस टीव्हीपुढे उभं राहणार आणि मग रद्दीत जाणार."

तिचं बोलणं मला टाकून देता आलं नाही. दोनशे वीस रुपयांचा जाड कागद, त्यावर चमकी, आत कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या चार ओळी. हे विकत घेण्यात खरंच अर्थ आहे का? हा प्रश्न माझ्यासाठी वरवरचा नाही, कारण एके काळी मी कार्डं विकली आहेत. कोण कार्ड घेतं, कसं निवडतं, घेतल्यावर त्याचं काय करतं, हे मी चार दिवाळ्या फूटभर अंतरावरून पाहिलंय.

१९८८ ते १९९१. सातारा. मोती चौकातून ५०१ पाटीकडे जाताना राजपथावर एका ओळखीच्या दुकानाची पायरी दिवाळीपुरती आम्हाला मिळायची. आम्ही म्हणजे दादा आणि मी. दादा कॉलेजात, मी पहिल्या वर्षी नववीत. एक बाकडं, दोन बांबू, त्यांच्यामध्ये आडव्या ताणलेल्या सुतळ्या आणि सुतळीला लाकडी चिमट्यांनी अडकवलेली कार्डं. दुकानातून वायर ओढून शंभरचा एक बल्ब. माल पुण्याहून यायचा. दादा पहाटेच्या एसटीने जायचा, रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक दुकानांतून डझनाच्या हिशेबाने गड्ड्या उचलायचा आणि रात्री दोन पिशव्या खांद्याला लावून परत यायचा. उरलेला माल परत घेत नसत, त्यामुळे कुठलं चित्र किती आणायचं यावर आमची आठवडाभर भांडणं चालत. दादाचा भर पणती आणि रांगोळीवर. मी गुलाब आणि निसर्गदृश्यांच्या बाजूची. खपायचे गुलाबच. दिवाळीच्या कार्डावर बर्फाचे डोंगर आणि लाकडी घरं का, असं तेव्हा कोणालाही वाटत नसे.

धंदा कोजागरीला सुरू व्हायचा आणि वसुबारसेला संपायचा. त्यानंतर घेतलेलं कार्ड वेळेत पोचत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक, ज्यांच्या हातात यादी असायची. वकील, दुकानदार, विमा एजंट, शाळेतले सर. गेल्या वर्षी कोणाकोणाची कार्डं आली ती नावं डायरीत लिहिलेली; त्यांना यंदा पाठवायची. ते चित्राकडे बघत नसत. "एकसारखी चाळीस द्या." घरी जाऊन आत एक रबरी शिक्का किंवा सही. दुसरे, एकच कार्ड घेणारे. ते तासभर उभे राहायचे. सुतळीवरची सगळी कार्डं वाचायचे, म्हणजे वाचल्यासारखं करायचे, कारण आतला मजकूर बहुतेक इंग्रजीत. एक काढून बघायचे, परत लावायचे, बाजारात चक्कर मारून पुन्हा यायचे.

या दोघांतला फरक मला नीट कळला तो पोस्टात.

त्या वेळी कार्डं बुक पोस्टाने जात. पाकिटाचं तोंड चिकटवायचं नाही, झडप नुसती आत खोचायची आणि वर डाव्या कोपऱ्यात 'बुक पोस्ट' लिहायचं. तिकीट कमी लागायचं. पण ती सवलत छापील कागदाला. आत हाताने पत्रासारखा मजकूर लिहिला की ते पत्र झालं. मग पाकीट बंद करून पुरतं तिकीट लावायचं. नाही लावलं आणि पकडलं गेलं तर ते बेरंग, म्हणजे अपुऱ्या तिकिटाचं, ठरायचं आणि राहिलेल्या पैशांच्या दुप्पट घेणाऱ्याला भरावे लागायचे. पोस्टातल्या काकांनी हे सगळं पहिल्याच वर्षी आम्हाला समजावलं, म्हणजे आम्ही गिऱ्हाइकांना नीट सांगू शकू.

मला तेव्हा ती फक्त पैशांची भानगड वाटली होती. आज मात्र वाटतं, शुभेच्छांची याहून खरी वर्गवारी कोणी केलेली नाही. छापलेलं तेवढंच पाठवता, तर दर कमी. तुम्ही स्वतः काही म्हणताय, तर दर जास्त, आणि मग तोंडही बंद करून घ्यायचं, कारण आतलं आता तुमचं आणि त्याचं आहे.

दुसऱ्या वर्षी, १९८९ च्या दिवाळीआधी, एक मावशी आल्या. अपशिंग्याच्या बाजूच्या. सातारच्या माणसाला त्या गावाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. घरटी माणूस फौजेत, म्हणून गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. मावशींच्या हातात वहीच्या कागदाची चौकोनी घडी होती. त्यावर मुलाचा नंबर, नाव, पलटण आणि शेवटी '५६ एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. हा पत्ता ज्यांनी कधी लिहिलाय त्यांना ठाऊक असेल, त्यात गाव नसतं. जवान कुठे आहे ते आर्मीच्या टपालाला माहीत. घरच्यांनी नुसता आकडा लिहायचा. मावशींना आपला मुलगा बर्फात आहे की वाळवंटात, हे माहीत नव्हतं.

त्यांनी बराच वेळ बघून एक कार्ड निवडलं. निळं तळं, त्यात दोन राजहंस. आत इंग्रजीत चार ओळी. "काय लिवलंय गं पोरी?" मला जमेल तसं सांगितलं, की तुझ्या वाटेवर चांदण्यांचा उजेड पडो, तुझी स्वप्नं खरी होवोत, असं काहीतरी.

मावशींनी ऐकून घेतलं. "बरं हाय. पर आमचं सांगायचं ऱ्हायलं की त्यात. तू लिव्हशील?"

डावीकडचं पान कोरं होतं. मी बाकड्यावर कार्ड ठेवून पेन काढलं. मावशी पायरीवर टेकल्या आणि समोरच्या रस्त्याकडे बघत सांगू लागल्या. त्या सांगत होत्या तसंच मी लिहिलं, कारण शुद्ध करून लिहायला सवडच मिळाली नाही.

म्हस याली. रेडी झाली. वाड्याकडचा पत्रा औंदा नवा घातला. आजीचा पाय आता बरा हाय, काठीनं चालती. तुजी चिठी श्रावणात आली. लाडू धाडत न्हाय, वाटंत मोडत्यात. साह्यबानं सोडलं तरच ये, भांडून येऊ नगं.

एवढंच. मी विचारलं, "आणि शुभेच्छा वगैरे?" त्या म्हणाल्या, "ते त्यांनी लिवलंय की पलीकडं."

मग तिकिटाचं सांगणं आलं. मावशी, असं लिहिल्यावर बुक पोस्ट चालायचं नाही, जास्तीचं तिकीट लागेल. त्यांनी कनवटीची पिशवी सोडून नाणी तळहातावर घेतली, मोजली आणि विचारलं, "लिवल्यालं खोडलं तर कमी व्हतील का?"

मी काही बोलले नाही. दादाही कार्डं लावता लावता थांबला होता. मावशींनी हातातल्या नाण्यांकडे पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. लाव जादाचं."

दादाने कार्डाचे पैसे कमी घेतले. मावशींनी ते ओळखलं आणि पूर्ण दिले.

पुढच्या वर्षी त्या परत आल्या. आम्ही शंभर चेहऱ्यांत त्यांना ओळखलं. म्हणाल्या, मुलगा मे महिन्यात येऊन गेला, कार्ड त्याने पेटीत ठेवलंय. आणि मग सुतळीवर नजर फिरवत, "त्येच बदकांचं दे." ते चित्र त्या वर्षी आलं नव्हतं. दादाने पुढच्या खेपेला बोहरी आळीत त्या चित्रासाठी सहा दुकानं पालथी घातली. मिळालं नाही. मावशींनी नाइलाजाने गुलाब घेतला.

आमच्या घरात मात्र म्हैस व्याल्याची आणि मादी पारडू झाल्याची ती ओळ कायमची राहिली. कोणतीही चांगली बातमी आली की आधी "म्हस याली" म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने "रेडी झाली" असं उत्तर द्यायचं. माझा दहावीचा निकाल पेपरात पाहून दादा दारातूनच ओरडला होता, "म्हस याली!" त्याच्या पहिल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी ओरडले. वडील गंभीर माणूस, पण पुढे वहिनीला दिवस गेले ते कळलं तेव्हा वडीलसुद्धा ही ओळ म्हणाले होते, आणि वहिनीला बिचारीला कोणी नीट समजावूनही सांगितलं नाही.

मावशींनंतर माझ्याकडे लिहून घेणारे वाढले. कुठून कळलं कोण जाणे. कोणाचा भाऊ मुंबईत माथाडी, कोणाची बहीण सुरतेला दिलेली, बरेचसे फौजेतले. चार वर्षांत मी शे-दीडशे कार्डांत तरी लिहिलं असेल. 'प्रेम', 'आठवण', 'मंगलमय' असले शब्द सांगून लिहून घेणारा एकही माणूस मला आठवत नाही. विहिरीला पाणी किती आहे ते सांगायचे. कोणाचं लग्न ठरलं. कोणाशी बोलणं बंद होतं ते सुरू झालं. "तुझा सदरा धाकटा घालतोय, चालंल का," असं एका आजोबांनी नातवाला विचारलं होतं. कार्डावरची छापील कविता हा त्यांच्यासाठी दागिना होता आणि तो त्यांना हवाही होता; नाहीतर साध्या पोस्टकार्डावर भागलं असतं, ते कितीतरी स्वस्त होतं. सणाला सणासारखं काहीतरी हातात पडावं, नवं कापड घ्यावं तसं, म्हणून कार्ड. आणि आत खरं बोलणं. दोन्ही लागायचं.

म्हणून "कार्ड घेण्यापेक्षा साधं पत्र लिहा" असं कोणी म्हणालं तर मला ते अर्धंच पटतं. पत्र लिहायला बसायचं तर पान भरायचं दडपण येतं. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' पासून 'कळावे, लोभ असावा' पर्यंत जावं लागतं. कार्डातली कोरी बाजू तळहाताएवढी. तिथे चार ओळी लिहिल्या तरी भरल्यासारखं वाटतं. ज्याला लिहिण्याची सवय नाही त्याला तेवढी जागा झेपते.

पुढे कधीतरी वाचलं, की पहिलं छापील नाताळचं कार्ड निघालं तेच मुळी लिहायला वेळ नव्हता म्हणून. लंडनचे हेन्री कोल. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोचवणारं टपाल सुरू झालं, त्या सुधारणेसाठी खपलेल्यांपैकी ते एक. टपाल स्वस्त झालं आणि पत्रांचा ढीग पडू लागला. नाताळात प्रत्येकाला उत्तर देणं अशक्य झालं. म्हणून १८४३ मध्ये त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजार प्रती छापल्या, आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विक्रीला ठेवल्या. वर घेणाऱ्याचं नाव भरायला जागा, खाली देणाऱ्याचं. मधलं सगळं तयार.

म्हणजे 'कार्ड हा पळवाटेचा प्रकार आहे' हा आरोप नवा नाही, कार्डाचा जन्मच त्यातला आहे. आमच्या स्टॉलवर चाळीस एकसारखी कार्डं घेणारे वकीलसाहेब हे कोलसाहेबांच्या रांगेतले. त्यांचंही मी वाईट म्हणणार नाही. तारेतसुद्धा हेच होतं. शुभेच्छांच्या तारेसाठी पोस्टात तयार वाक्यांची यादी टांगलेली असायची. १ नंबर दिवाळीचा, ८ नंबर लग्नाचा. वडील कुठल्याही लग्नाला जायला जमलं नाही की आठ नंबर पाठवत. पलीकडे तो आकडा जायचा आणि तिथे त्याचं वाक्य व्हायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा मला त्या आठ नंबरचीच आठवण आली. त्या आकड्याचं वाक्य लग्नघरात मोठ्याने वाचून दाखवत, आणि ज्याची तार आली नाही त्याचं नाव वर्षभर निघायचं. तयार वाक्यालाही वजन होतं, कारण कोणीतरी पोस्टापर्यंत चालत गेलं होतं.

मग आता व्हॉट्सअ‍ॅपचं काय? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझ्या फोनवर दीडशेच्या वर पणत्या येतात. त्यांची हेटाळणी करणं मला जमत नाही, कारण त्यांतल्या कित्येकांनी त्या दिवशी माझं नाव समोर आल्यावर बोट थांबवलेलं असतं. पण २०१८ पासून पुढे ढकललेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड' अशी बारीक पाटी येऊ लागली, ती पाहिली की मला पाकिटाची आत खोचलेली झडप दिसते. हे बुक पोस्टाने आलं. आणि एखाद्या सकाळी कोणी पाटीविना लिहितं, "तुझ्या अंगणातल्या प्राजक्ताची आठवण झाली, यंदा फुललाय का?" तेव्हा ते फोनवर आलं तरी बंद पाकीटच असतं. कागदावर आहे म्हणून कार्ड मोठं आणि काचेवर आहे म्हणून निरोप हलका, असा हिशेब मी लावत नाही.

कागदाचे काही गुण मात्र काचेला नाहीतच. संक्रांतीला आमच्याकडे नात्यातल्या मावशीचं कार्ड यायचं, त्यात छोट्या पिशवीत हलवा चिकटवलेला. पोस्टातला शिक्का नेमका त्यावर बसायचा. पाकीट उघडलं की आधी साखर सांडायची, मग 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. दसऱ्याला पाकिटात आपट्याचं पान यायचं, वाळून कडक झालेलं, पण अख्खं.

आता मुलीचा मुद्दा. ती म्हणते त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि मी ते मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. ऑफिसमध्ये कोणी निवृत्त होताना वर्गणी काढून आणलेलं टेबलाएवढं कार्ड, ज्यावर तीस जण 'बेस्ट विशेस' लिहून पेन पुढच्याला देतात. ते घेऊ नये. लहान मुलांच्या वाढदिवसाला खेळण्याबरोबर येणारी गाणारी कार्डं, ज्यांतला सेल आठवड्यात मान टाकतो, घेऊ नयेत. भेटवस्तूवर चिकटवलेलं, आत नुसतं 'फ्रॉम' लिहिलेलं कार्ड. त्याऐवजी कागदाच्या कपट्यावर नाव लिहावं. चमकी आणि प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद तर रद्दीवाल्याच्याही कामाचा नाही. ही सगळी खरेदी वाया जाते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कार्ड विकलेल्या माणसाचं हे मत आहे.

चांगल्या कामासाठी घेतलेल्या कार्डांचं काय, असं मला एकीने विचारलं होतं. गंमत म्हणजे दिल्लीची आर्चीज ही कार्डांची कंपनी आणि मुंबईची क्राय ही मुलांसाठी काम करणारी संस्था, दोन्हींची सुरुवात १९७९ सालची. रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांवर क्राय उभी केली आणि तिची कार्डं पुढे घरोघरी गेली. वरोऱ्याच्या आनंदवनातली कार्डं मी स्वतः आणून ठेवते. ज्याच्या हातची ती आहेत त्याला त्याचे पैसे मिळतात, तेव्हा ती विकत घेणं फुकट जात नाहीच. पण पाठवताना पुन्हा प्रश्न तोच उरतो. तो भला माणूस पुढचं पान रंगवू शकतो. माझ्या भावाला मी काय सांगायचं, हे त्याने कसं भरावं?

आणि मला या वेळी भावालाच लिहायचं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात दादाला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात आणि बोलणं. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. त्याला समजतं सगळं. कोण आलं, कोण गेलं, क्रिकेटचा स्कोअर, वहिनीने मीठ कमी घातलं ते. शब्द मात्र ऐन वेळी सापडत नाही. चहा म्हणायचा असतो आणि तोंडातून 'किल्ली' येतं. ते चुकलं हे त्यालाच आधी कळतं आणि तो डोळे मिटून घेतो. ज्या माणसाने राजपथावर चार दिवाळ्या ओरडून माल विकला, तो फोन वाजला की आता दुसऱ्या खोलीत जातो.

मी पहिले काही महिने रोज फोन करायचे. मला वाटायचं, माझा आवाज ऐकून त्याला बरं वाटेल. एकदा वहिनीने हळूच सांगितलं, "ताई, फोन झाला की ते तासभर नुसते बसून असतात." तेव्हा लक्षात आलं. मी दोन वाक्यं बोलून थांबायचे. माझ्या थांबण्यात त्याच्या बोलण्याची जागा असायची, आणि ती त्याला भरता यायची नाही. दिवाळीच्या दिवशी तर चौफेर फोन. 'कसा आहेस' हा साधा प्रश्न, पण उत्तर लगेच पाहिजे. समोर जाऊन बसलं तरी तेच. पुणे ते सातारा काही लांब नाही, मी महिन्यातून एकदा जाते. पण मी खुर्ची ओढून बसले की तो तोंड उघडायचा प्रयत्न करतो, माझ्यासाठी.

कार्डाला असं काही नको असतं. ते येतं आणि थांबतं. वाचायला एक दिवस लागला तरी ते कुरकुरत नाही. डाव्या हातात धरता येतं. पुन्हा पुन्हा उघडता येतं, कोणी पाहत नसताना. दूरच्या माणसासाठी कार्ड असतं असं मी स्टॉलवर शिकले होते, ५६ एपीओचे पत्ते लिहिताना. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाचाही पत्ता कधीकधी असाच होतो, हे मला दादामुळे कळलं.

तर त्या दुकानात मी अर्धा तास जे शोधत होते, ते चित्र नव्हतं. आत कोरं असलेलं कार्ड हवं होतं. सात-आठही कार्डांत दोन्ही बाजू छापलेल्या होत्या. लिहायला जागाच ठेवलेली नाही, फक्त खाली सहीपुरती एक पट्टी. हे मला खरंच खटकलं. किमतीपेक्षाही हे जास्त. पान कोरं ठेवायला छापणाऱ्याला काहीच खर्च नसतो, उलट शाई वाचते, आणि कार्डातली किंमत मोजण्याजोगी वस्तू तीच. शेवटी दुकानातल्या मुलाने खालच्या कप्प्यातून एक काढून दिलं. साधं, पिवळसर हातकागदाचं, बाहेर एक आकाशकंदील, आत काहीच नाही. एकशे चाळीस रुपये. मुलगी काही बोलली नाही.

घरी येऊन लिहायला बसले. पहिल्यांदा कच्च्या कागदावर 'लवकर बरा हो' असं लिहिलं आणि खोडलं. तो गेलं वर्षभर तेच ऐकतोय. मग मावशी जशा रस्त्याकडे बघत सांगत होत्या, तशी मी गॅलरीत जाऊन बसले.

बोहरी आळीत गेले होते. सुतळीची गुंडी आणली, कारण काहीच नाही. गुडघा बरा आहे, जिना उतरताना दुखतो. शेजारच्यांचं मांजर आता आमच्याकडेच जेवतं. पोरीला नोकरी लागली, नगरला जाणार. म्हस याली. भाऊबीजेला येते, चिवडा मी आणते, वहिनीला करायला सांगू नकोस. उत्तर पाठवायचं नाही.

अक्षर मोठं काढलं. ओळी सुट्या ठेवल्या, त्याला एकेक वाचता यावी म्हणून. पोस्टात खिडकीजवळच्या डिंकाच्या बाटलीला डिंक नव्हता, तर पिशवीतला गोंद लावून तोंड बंद केलं. खिडकीतल्या मुलाने पाकीट तोललं आणि सांगितलं तेवढं तिकीट मी लावलं.

भाऊबीजेला गेले तेव्हा कार्ड टीव्हीपुढे नव्हतं. ओवाळून झालं, वहिनी ओट्यापाशी वळली, मी ताटातल्या अक्षता गोळा करत होते. दादाने डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून ते काढलं. घडीवर कागद मऊ पडला होता. त्याने ते मांडीवर उघडलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं. मी वाकून पाहिलं. 'म्हस याली.' तो माझ्याकडे बघत राहिला. मी थांबले नाही, अक्षता वेचत राहिले, त्याच्यावर काही यायला नको म्हणून.

"रेडी," दादा म्हणाला.

ओट्यापासून वहिनी म्हणाली, "एवढ्यात कसले रेडी? जेवल्याशिवाय कुठं निघायचं नाही."